माइकची बाज

मित्रांनो, मला ओळखणारी माणसं कमी आहेत आणि त्यात माझा काही दोष नाही. गाणं झालं की टाळ्या गाणाऱ्याला मिळतात. फार तर कुणी माइकचं कौतुक करतं. त्या माइकला ज्यानं तास न् तास अधांतरी धरून ठेवलं, त्याच्याकडे बघतो कोण? तो मी. मी एक जुना शॉक माउंट आहे. काळ्या लोखंडाच्या दोन कड्या, एक मोठी, एक लहान, आणि दोघींच्या मध्ये आडवीतिडवी ओवलेली लवचिक दोरी, एवढाच माझा देह. मोठी कडी स्टँडला लागते, लहान कडीत माइक बसतो आणि मधल्या दोरीवर झुलत राहतो. म्हणून राजूरचे काकासाहेब मला पाळणा म्हणायचे. टेंभुर्णीच्या केशरबाईंनी मला दुसरं नाव दिलं. ते मला जास्त आवडतं, पण आत्ताच सांगितलं तर गोष्टीत राहील काय?

माझं काम एकच. जमिनीला हादरा बसला की तो स्टँडमधून वर चढतो. कुणी पाय आपटला, टेबलाला कोपर लागलं, शेजारून ट्रक गेला, की तो हादरा माइकच्या पोटात शिरतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प नाहीतर घर्र असं काहीतरी उमटतं. मी तो हादरा दोरीत जिरवतो. बाकीचं माझ्याकडे मागू नका. वारा माझ्यानं अडत नाही, त्यासाठी माइकला स्पंजची टोपी घालतात. कुत्रं भुंकलं तर ते हवेतून येणारच, त्याला मी काय करू? माझ्या नावानं उगाच बोटं मोडणारे पुष्कळ भेटले, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

माझा जन्म कुठल्या गावच्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी जेमतेम एका दिवसाचा असताना मला डब्यात घालून झाकण लावलं. झाकण उघडलं ते थेट राजूरला, काकासाहेबांच्या दुकानात. राजूर म्हणजे गणपतीचं गाव. चतुर्थीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. काकासाहेबांचं पुढे वह्या-पेनांचं दुकान होतं आणि मागे पत्र्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून केलेला स्टुडिओ.

माझ्या आधी त्यांनी दुसराच एक शॉक माउंट मागवला होता. दिसायला देखणा होता म्हणे. पण त्याची कडी मोठी निघाली आणि माइक त्यातून सुळकन खाली आला. मग काकासाहेब शहाणे झाले. त्यांनी माइकच्या कमरेला दोरा गुंडाळून घेर मोजला, शेजारच्या किराणा दुकानात नेऊन तराजूवर त्याचं वजन केलं आणि मग मला मागवलं. मित्रांनो, आमच्यात सोयरीक अशी जुळवावी लागते. घेर जुळला पाहिजे आणि वजन पेललं पाहिजे. रूप सगळ्यात शेवटी बघायचं.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. गावोगावची भजनी मंडळं यायची. बियाण्याच्या जाहिराती व्हायच्या, त्या मग टेम्पोवर कर्णा लावून गावभर वाजायच्या. भागवतबुवा नावाचे एक पहाडी आवाजाचे गाणारे होते. गाताना ताल धरायला ते उजवी टाच जमिनीवर आपटायचे. मी येण्याआधी त्यांच्या प्रत्येक अभंगात ती टाच आवाजापेक्षा मोठी ऐकू यायची. काकासाहेबांनी एकदोनदा त्यांना पाय आवरायला सांगितलं, तर पाय थांबल्याबरोबर बुवांचा सूरच हरवला. मी आलो आणि प्रश्न मिटला. बुवा टाच आपटत राहिले, मी हादरे गिळत राहिलो. रेकॉर्डिंग ऐकून बुवा म्हणाले होते, "काकासाहेब, पाय कुठं गेला माझा?" त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

पण दिवस सारखे राहत नाहीत. काकासाहेबांनी जाडजूड नवा माइक घेतला. तो माझ्या कडीत मावेना. त्याच्याबरोबर त्याचा स्वतःचा शॉक माउंट आला, चकचकीत, नवाकोरा. मला जुन्या रिमोटच्या आणि फुटक्या होल्डरच्या ड्रॉवरमध्ये टाकलं गेलं. वर पत्रे, खाली मी, आणि मध्ये आमच्याकडचा वैशाख. दोन उन्हाळ्यांत माझी दोरी वाळली, तडकली आणि एक दिवस कुणाचा हात न लागता दोन ठिकाणी तुटली. काम करताना तुटलो असतो तर त्याचं दुःख झालं नसतं.

गेल्या वर्षीच्या एका शनिवारी दुपारी तो ड्रॉवर उघडला.

दुकानात मोनाली उभी होती. ही टेंभुर्णीची मुलगी, राजूरजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांसाठी धडे, कविता रेकॉर्ड करायला तिनं एक लहानसा माइक घेतला होता. त्या दिवशी शाळा सकाळची होती आणि ती तडक इकडे आली होती. बोलताना तिचा श्वास लागत होता.

"काकासाहेब, तुमच्याकडं तो पाळणा होता ना? अजून आहे का?"

"असंल की कुठंतरी पडून. कशाला पायजे मॅडम?"

मग तिनं सांगितलं. तिची आजी केशरबाई जात्यावर ओव्या गाते. शंभरावर ओव्या आहेत. घरानं धम्म स्वीकारला तेव्हा आजीच्या आईनं जुन्या ओव्या बाजूला ठेवून नव्या रचल्या होत्या, बुद्धाच्या, भीमरायाच्या, लेकरांच्या शाळेच्या. पुढे आजीनं त्यात आपल्या मिळवल्या. कागदावर त्यातली एकही नाही. आणि आजीच्या गळ्यात गाठ झाली होती. मंगळवारी छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गाठीला खेटूनच आवाजाची नस जाते, आम्ही जपू, पण आवाज आत्ता आहे तसा राहीलच असं नाही.

"मंग घ्या की रेकॉर्ड करून जल्दी," काकासाहेब म्हणाले.

"तीन दिवस तेच करून राह्यले. आजीला जातं फिरवल्याबिगर ओवी आठवतच नाही. नुसती बसून गायला लागली की दुसऱ्या ओळीला अडकते. आणि जातं फिरवलं की सगळी जमीन घरघरते. स्टँडखाली गोधडी टाकून पाहिली. कॉम्प्युटरवर ती घरघर कापून पाहिली, तर आजीचा आवाजच पत्र्यासारखा पातळ झाला. रिकामं जातं हळू फिरव म्हटलं, तर माझ्यावरच चिडली. रिकामं जातं फिरवलं की दगड दगडाला खातो म्हणे."

काकासाहेबांना भागवतबुवांची टाच आठवली असावी. त्यांनी ड्रॉवर पालथा घातला, मला उचललं, फुंकर मारली, आणि तुटलेल्या दोऱ्या बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांचा नवा शॉक माउंट मोनालीच्या बारीक माइकला बसण्यासारखा नव्हता. माझी कडी बरोबर बसत होती.

"घेऊन जा. माझ्याच्यानं ह्याची निगा झाली न्हाई," ते म्हणाले. "दोरी तेवढी बदला. आन् नवी टाकताना इचार करून टाका."

अशा रीतीनं मी मोनालीच्या पर्समध्ये बसून टेंभुर्णीला आलो. इतक्या दिवसांनी कुणाला तरी माझी गरज पडली होती. पण मित्रांनो, खरं सांगतो, आनंदापेक्षा मला धाकधूकच जास्त होती.

मोनालीचे वडील देवानंद जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडी सळया काढणाऱ्या एका गिरणीत फिटर आहेत. आईच्या ऑपरेशनसाठी ते रजा टाकून आले होते. माणूस कामाचा पक्का. घरात शिरल्याबरोबर आधी नळाची गळती बघणार, मग दाराची बिजागरी, मग जेवण. मोनालीनं मला त्यांच्या हातात दिलं आणि दोरी बदलून मागितली. तेवढ्यात आजीच्या रिपोर्टसाठी दवाखान्यातून फोन आला, ती बोलायला बाहेर गेली, आणि तिथंच घोळ झाला.

देवानंदांनी मला हलवून पाहिलं. मी अर्थातच हललो. हलणं हाच माझा धर्म आहे. पण ज्या माणसानं पंचवीस वर्षं सैल बोल्टाशी वैर केलं, त्याला हे कसं पटावं? त्यांच्या गिरणीत एकदा एक नट ढिला राहिला होता आणि त्यापायी त्यांच्या जोडीदाराचं, वसंताचं, बोट गेलं होतं. तेव्हापासून देवानंदांच्या हाताला ढिली वस्तू सहन होत नाही. त्यांनी माझ्या दोन्ही कड्या चार ठिकाणी तांब्याच्या तारेनं जखडल्या. वर प्लास्टिकचे पट्टे ओढले. माइकची वायर स्टँडला सरळ ताणून तिलाही तीन जागी बांधलं. मग समाधानानं म्हणाले, "आता बघ. तसूभर हालायचं न्हाई."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण आम्हा वस्तूंना बोलता येत नाही, आणि मी तर असा बांधला गेलो होतो की मला थरथरताही येईना. मोनाली आत आली तेव्हा उजेड कमी झाला होता. बाबांनी इतक्या मायेनं केलेलं काम तिनं नीट तपासलंच नाही. तिनं आपला माइक माझ्या कडीत ठेवला, तो घट्ट बसला, आणि तिचं समाधान झालं.

रविवारी पहाटे केशरबाई जात्याला बसल्या. बाहत्तर वर्षांच्या, कृश, कपाळाला घट्ट पदर. हातात आता पूर्वीचं बळ नव्हतं, म्हणून समोर मोनाली बसली आणि दोघींनी मिळून खुंटा धरला. जोंधळ्याची पहिली मूठ जात्यात पडली आणि आजीचा आवाज निघाला. मी आयुष्यात पुष्कळ गळे ऐकलेत. हा आवाज भाकरीसारखा होता, रोजचा, खरपूस, पोट भरणारा. त्यांनी तीसेक ओव्या गायल्या. आणि जात्याची प्रत्येक घरघर भुईतून स्टँडमध्ये, स्टँडमधून माझ्यात आणि तारेवरून सरळ माइकच्या पोटात जात राहिली. मी काहीही करू शकलो नाही.

मोनालीचे दोन्ही हात खुंट्यावर होते, त्यामुळे गाणं चालू असताना तिला हेडफोन लावता आला नव्हता. नंतर लावला. मी तिचा चेहरा बघत होतो. पहिल्या ओवीतच तो पडला. तिनं हेडफोन काढून बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

केशरबाईंचा आवाज तीस ओव्यांनी बसला होता. त्यांना खोकला आला. देवानंदांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "बस झालं आता. मायच्या गळ्याला तरास न्हाई पायजे. जेवढं व्हतं तेवढं झालं."

"काय झालं?" मोनाली वळून म्हणाली. "एक ओवी धड आली नाही, पप्पा. एक."

"मंग काय करू? आणखी आवळू का?"

केशरबाईंनी खूण करून मला जवळ मागितलं. स्टँडवरून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं गेलं. त्यांनी चष्मा लावला, माझ्या तारा चाचपल्या, पट्टे चाचपले, आणि माझ्या कड्यांच्या खाचांमध्ये अडकलेले जुन्या दोरीचे तुकडे बोटानं मोजले. बाहत्तर वर्षांत या बाईंनी अर्ध्या गावाच्या बाजा विणल्या होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"मोने, हे माइकला निजायचं हाये का ह्याच्यात?"

"हो आजी. खालचा हादरा वर पोचू नये म्हणून."

"मंग हे तं बाज हाये." त्या देवानंदांकडे वळल्या. "आन् तू बाजेला फळी करून ठेवलं, बाबा. फळीवर निजलं की भुईचा दगड न् दगड कळतो पाठीला."

देवानंद पक्कड घेऊन आले आणि एकेक तार तोडू लागले. तिसरी तार तोडताना त्यांचा हात थांबला. "आमच्या गिरणीतल्या मोटारीच्या बुडाखाली बी रबराचे गट्टू असत्यात," ते स्वतःशीच म्हणाले. "हादरा खाली जाऊ नये म्हणून. रोज त्याच्यावर पाय देऊन वर चढतो मी. ध्यानातच आलं न्हाई."

"लोखंडात राहून राहून झालंय तुझं," केशरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

मग माझी बाज विणायला घेतली. देवानंदांनी सायकलची जुनी ट्यूब कापून पट्ट्या आणल्या. केशरबाईंनी त्या खाचांतून ओवल्या, माइक बसवला, वरून बोटानं दाबला. माइक जागचा हलला नाही. "ह्याचं अंग हलकं हाये. ही दावण बैलाची झाली," त्या म्हणाल्या, आणि पट्ट्या उसवून टाकल्या. मोनालीनं केसांचे रबर आणले. त्यावर माइक इतका लोंबला की खाली मोठ्या कडीला टेकला. टेकलं की संपलं, मित्रांनो, लोखंडाला लोखंड लागलं की हादऱ्याला रस्ता मिळतो. शेवटी शेजारच्या पुष्पाबाई आल्या. त्या शिवणकाम करतात. कोरोनात त्यांनी गावाला पुरतील इतके मास्क शिवले होते आणि त्याच्या गोल इलास्टिक दोरीचं अर्धं रीळ त्यांच्याकडे अजून होतं.

"मला वाटलं व्हतं, ही दोरी आता कुण्या कामाची न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या.

केशरबाईंनी दोरी दुहेरी केली. एका कडीवरून दुसरीवर, तिथून तिरपी पलीकडे, पुन्हा परत, अशी त्यांची बोटं चालली. डोळे बाजेवर नव्हतेच, मोनालीशी बोलणं चालू होतं. बाज फार ताणली की पाठ मोडते, फार सोडली की तिची झोळी होते, हे त्या सांगत होत्या आणि दर दोन वेढ्यांनी माइकला बोटानं हलकेच दाबून बघत होत्या. माइक थोडा खाली जावा, थोडा वर यावा आणि मग गुमान राहावा, इथवर आल्यावर त्यांनी गाठ मारली.

देवानंदांनी स्टँडच्या पायावर बोटाच्या पेरानं टकटक केली. मोनाली हेडफोन लावून ऐकत होती. "अजून थोडं येतंय," ती म्हणाली. देवानंदांनी सगळीकडून पाहिलं आणि मग त्यांना आपणच ताणून बांधलेली वायर दिसली. त्यांनी ती सोडली, माइकजवळ तिला एक सैल वळसा दिला आणि मग स्टँडला अडकवली. पुन्हा टकटक केली. मोनालीनं ऐकलं, हेडफोन काढला आणि विचारलं, "पप्पा, वाजवलं का तुम्ही?"

"तीनदा वाजवलं."

हे ऐकून मला भागवतबुवा आठवले. ड्रॉवरमधली सगळी वर्षं त्या क्षणी मी विसरलो.

पण खरी परीक्षा बाकी होती. सोमवारी दुपारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. हातात एकच पहाट होती. रविवारचा सगळा दिवस केशरबाई कोमट पाणी पीत गप्प बसून राहिल्या. हे त्यांना किती जड गेलं असेल, ते घरातल्या सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सोमवारी पहाटे पुन्हा जातं मांडलं. या वेळी देवानंद माझ्यासमोर हेडफोन लावून बसले. त्यांना एकच ताकीद होती, कशालाही हात लावायचा नाही. केशरबाईंनी मूठभर जोंधळा घातला, माझ्याकडे बघितलं आणि जी पहिली ओवी गायली ती कुणीच आधी ऐकलेली नव्हती.

"जातं माझं घरघरं, भुई सारी हादरली,
माइकबाळाची बाज, म्या गं हातानं विणली."

मोनालीला हसू आलं, पण तिनं खुंटा सोडला नाही. जमीन घरघरली. हादरा स्टँडमध्ये शिरला, माझ्या मोठ्या कडीपर्यंत आला आणि दोरीत येऊन विरला. जात्याचा आवाज माइकला ऐकू येत होता, पण तो हवेतून, जसा खोलीत बसलेल्या माणसाला ऐकू येतो तसा. तो तर यायलाच हवा होता. त्याच्याशिवाय ओवी पोरकी वाटली असती.

ओव्यांमागून ओव्या आल्या. आईच्या आल्या, मग स्वतःच्या.

"दळण दळिते मी, उजाडाया आधी बाई,
लेकीच्या दप्तराला, माझ्या जात्याची पुण्याई."

साठाव्या ओवीच्या सुमारास मला कळलं की माझी एक गाठ सरकते आहे. अगदी कणभर, पण सरकते आहे. मास्कची दोरी गुळगुळीत असते. माइक एका बाजूला कलायला लागला. देवानंदांनाही ते दिसलं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो हात उचलला गेला, माझ्यापासून वीतभर अंतरावर आला आणि तिथंच थांबला. पंचवीस वर्षं जे दिसलं ते आवळलं, त्या हाताला तसं थांबणं किती अवघड गेलं असेल. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. मी उरलेल्या सगळ्या वेढ्यांनी माइक धरून ठेवला. गाठ आणखी थोडी सरकली आणि अडली. आणि त्याच वेळी केशरबाईंनी गायलं,

"लोखंडाच्या भट्टीवरी, माझा देवानंद राबं,
त्याच्या कपाळाचा घाम, माझ्या पदरात थांबं."

देवानंदांनी ही ओवी याआधी कधीच ऐकली नव्हती. ते पहाटे पाळीवर निघायचे आणि आई त्यांच्यामागे दळायला बसायची. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हुंदका माइकमध्ये जाईल म्हणून त्यांनी तोंडावर गमछा धरला. मित्रांनो, मला आसवं नाहीत, असती तर मीही तेच केलं असतं.

उजाडलं तेव्हा सूप रिकामं झालं होतं आणि एकशे नऊ ओव्या झाल्या होत्या. मोनालीनं हेडफोन लावला, पहिली ऐकली, मधली ऐकली, शेवटची ऐकली. मग तो आजीच्या कानाला लावायला गेली. आजीनं हात आडवा केला. "आत्ता नगं. आल्यावर आईकते."

ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ साधी निघाली. पण आवाज बदलला. डॉक्टरांनी महिनाभर कमी बोलायला सांगितलं होतं. हाक मारायची झाली की केशरबाई स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या, आणि पहिल्या आठवड्यातच सगळं घर त्या पेल्याला कंटाळलं. महिन्यानं आवाज उघडला तो जाड, घोगरा, वर चढायला गेला की मध्येच तुटणारा. सहा-आठ महिन्यांत बराच सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. पण त्या पहाटेचा आवाज काही परत आला नाही.

एके दिवशी सकाळी त्यांनी मोनालीकडे हेडफोन मागितला. डोळे मिटून पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत ऐकलं. देवानंद समोर बसले होते, मोनाली शेजारी. दोघांनाही भीती वाटत होती. मलाही. हरवलेल्या गोष्टीची कुणाला आठवण करून देऊ नये असं म्हणतात. ऐकून झालं तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मोने, माझी माय अशीच गायची. मला वाटलं व्हतं तिचा आवाज तिच्यासंगंच गेला. माझ्यात व्हता तं."

आता त्या ओव्या मोनालीच्या शाळेतल्या मुली म्हणतात. परवा काकासाहेब मुद्दाम टेंभुर्णीला आले होते. त्यांनी माझी विणलेली दोरी उलटसुलट बघितली आणि तशीच एक त्यांच्या नव्या शॉक माउंटला विणून द्याल का, असं केशरबाईंना विचारलं. मी मनातल्या मनात फार हसलो.

मित्रांनो, उपदेश करणार नाही असं ठरवलं होतं, पण वय झालं की राहवत नाही. माझ्यासारखा कुणी तुमच्याकडे असेल तर त्याला उन्हात, पत्र्याखाली टाकू नका. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या दोऱ्या चाचपून बघा. माइकचा घेर आणि वजन बघून त्याची निवड करा. आणि जे जपायचं आहे त्याला धरा, नक्की धरा, पण बोटभर ढील ठेवा. देवानंदांनी मला ज्या मायेनं आवळलं होतं, त्याच मायेनं पुढे हात मांडीखाली दाबला. दोन्ही वेळा माया तेवढीच होती, काम मात्र दुसऱ्या वेळी झालं.

आणि हो, केशरबाईंनी आपल्या ओव्या ऐकल्या त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. हेडफोन उतरवल्यावर केशरबाई उठल्या आणि जात्यावरचं फडकं काढलं. मोनाली म्हणाली, "आजी, आता कशाला? झालंय की सगळं रेकॉर्ड."

"ते त्या केशरबाईचं झालं," त्या म्हणाल्या. "ही केशरबाई अजून बाकी हाये. हा बी माझाच आवाज हाये. बाज घाल."

मोनालीनं मला स्टँडवर चढवलं. देवानंदांनी वायरला वळसा दिला, सैल. घोगऱ्या आवाजात एकशे दहावी ओवी सुरू झाली, मध्येच तुटली, आणि जातं तसंच फिरत राहिलं म्हणून पुन्हा पुढे निघाली. मी हादरा अडवून धरला आणि तो आवाज, जसा होता तसा, पुढे जाऊ दिला.